औद्योगिक क्रांती: सनावळीऐवजी साखळी कशी शिकवायची? (नववी-दहावी)

खडूफळा

नववी-दहावीच्या मुलांसाठी जागतिक इतिहासातल्या संकल्पनांची टिपणं करते आहे. प्रबोधन, वसाहतवाद, राष्ट्रवाद बऱ्यापैकी जुळलं. अडलंय ते औद्योगिक क्रांतीवर. उत्तरांत ठरलेली यादी येते: धावता धोटा १७३३, स्पिनिंग जेनी १७६४, वॉटर फ्रेम १७६९, म्यूल १७७९, यंत्रमाग १७८५. सनं बरोबर असतात, पण "जेनी आधी का आली आणि यंत्रमाग नंतर का?" असं विचारलं की पुढे काही नाही. कारण, परिणाम, सातत्य, बदल या चार गोष्टी या एका प्रकरणातून पक्क्या व्हाव्यात असं वाटतं. दोन तासिका हाताशी आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. कुठून धरावं?

सूत_आणि_सनावळ

अडचणीपासून धरा, शोधापासून नको. प्रत्येक यंत्राच्या आधी एक तुटवडा आहे आणि प्रत्येक यंत्रानंतर दुसऱ्या ठिकाणी नवा तुटवडा आहे. फळ्यावर संशोधकांची नावं लिहायच्या आधी कापडाची वाट लिहा: सरकी काढणे, पिंजणे, कातणे, विणणे, रंगवणे-छापणे. मग एकच प्रश्न फिरवत राहायचा: आता काम कुठे तुंबलं?

जॉन केच्या धोट्याने विणणं वेगात आलं. त्याआधी विणकर धोटा एका हाताने टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. कापड हातांच्या पल्ल्यापेक्षा रुंद असेल तर मागावर दोन माणसं लागायची. केने धोट्याला चाकं दिली, त्याच्यासाठी सपाट धाव केली आणि दोन्ही टोकांना ठोकळे बसवले. दोरीला झटका दिला की धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो. रुंद कापडाला एक माणूस पुरायला लागला.

झालं काय, तर विणकर सुतासाठी थांबायला लागले. आधीच एका मागाला सूत पुरवायला कातणारी अनेक माणसं लागत, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. चरख्यावर चाती एक, म्हणून धागाही एक. जेम्स हारग्रीव्जच्या जेनीने हा तुटवडा धरला. एका चाकावर आठ चात्या, आणि १७७० च्या पेटंटमध्ये सोळा.

इथे मुलांना वातीचा कापूस द्या. चिमूटभर ओढायला सांगा, तो तुटतो. ओढता ओढता पीळ द्यायला सांगा, धागा धरतो. ओढ आणि पीळ, कातणं म्हणजे एवढंच. पुढची तीनही यंत्रं या दोन क्रियांची वेगवेगळी सोय आहेत. जेनीत कापसाची पेळू चिमट्यात धरून हलती पट्टी मागे ओढतात, आणि चात्या पीळ देतात. वॉटर फ्रेममध्ये रुळांच्या जोड्या असतात. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, म्हणून कापूस ताणला जातो. म्यूलमध्ये रूळही आहेत आणि मागेपुढे जाणारा गाडाही.

जेनीचं सूत मऊ आणि कमी पिळाचं. ते बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला चालायचं. ताण्याला, उभ्या धाग्याला, चालायचं नाही, कारण मागावर सगळा ताण त्याच्यावर येतो. म्हणून इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात ताणा लिननचा (जवसाच्या धाग्याचा) आणि बाणा सुताचा असं मिश्र कापड विणत. आर्कराइटच्या वॉटर फ्रेमचं सूत ताण्याला पुरेसं मजबूत निघालं आणि पूर्ण सुती कापड विणता यायला लागलं. क्रॉम्प्टनच्या म्यूलने सूत बारीकही केलं आणि मजबूतही. मग मलमलीसारख्या तलम कापडात इंग्लंड भारताशी स्पर्धा करू शकलं.

पानगळ

वरचं सगळं पटलं. एक भर घालते. जेनी घरात मावते, वॉटर फ्रेम मावत नाही. "कारखाना" ही संकल्पना इथेच सांगायची. आर्कराइटने १७७१ मध्ये डर्बीशायरमध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी काढली. पाण्याचं चाक एकच, त्याच्यावर सगळी यंत्रं. म्हणजे माणसाने यंत्राकडे जायचं, ठरलेल्या वेळी जायचं, आणि चाक फिरतंय तोवर थांबायचं. क्रॉमफर्डला बारा-बारा तासांच्या पाळ्या दिवसरात्र चालत, आणि कामगारांत बायका आणि मुलं जास्त. मुलांची व्याख्या असते "जिथे यंत्रं असतात तो कारखाना". त्यापेक्षा "जिथे एकाच शक्तीवर अनेक यंत्रं चालतात आणि माणसं घड्याळाला बांधलेली असतात" हे वाक्य द्या. घरातली जेनी आणि नदीकाठची गिरणी यांतला फरक त्यात येतो.

खडूफळा

@सूत_आणि_सनावळ, वातीचा कापूस छानच, घरोघरी असतो. तुटवडा प्रत्यक्ष दाखवणारा एखादा उपक्रम सुचवाल का? खर्च नको, आणि पंधरा मिनिटांत संपला पाहिजे.

सूत_आणि_सनावळ

चार मुलांचा गट. २० सेंमी × १५ सेंमी जाड पुठ्ठा. १५ सेंमीच्या दोन्ही कडांना एकेक सेंमीवर १२ खाचा. त्यांतून जाड दोरा वर-खाली गुंडाळायचा, हा झाला ताणा. बाण्यासाठी वर्तमानपत्राच्या २ सेंमी रुंद, १५ सेंमी लांब पट्ट्या.

पहिली फेरी ३ मिनिटं. एक मूल पट्टीला वीस पीळ मोजून देणार, दुसरं एक दोरा वर, एक खाली असं विणणार. दोघांचा वेग साधारण जुळतो. दुसऱ्या फेरीत विणणाऱ्याला मोजपट्टी द्यायची. ती एकाआड एक दोऱ्यांखालून घालून उभी केली की अर्धे दोरे एकदम उचलले जातात, वाट उघडते, पट्टी सरळ आत जाते. दोन मिनिटांत विणणारा रिकामा बसतो आणि पीळ देणाऱ्याला "लवकर दे" म्हणायला लागतो. तिथेच थांबवायचं आणि वर्गाला विचारायचं: तुम्ही गिरणीमालक असता तर पैसा कशात घातला असता?

बिघाड दोन ठिकाणी होतो. दोरा सैल असेल तर मोजपट्टी उभी केल्यावर दोरे नुसते लोंबतात, वाट उघडत नाही. फार आवळला तर पुठ्ठा कमानीसारखा वाकतो. पुठ्ठे आदल्या दिवशी गुंडाळून ठेवा, नाहीतर तासिकेची दहा मिनिटं त्यातच जातात.

हातमाग_इचलकरंजी

उपक्रम चांगला आहे, पण एक दुरुस्ती हवी. वाट उघडणं हे केच्या धोट्याचं काम नाही. पायाने पट्ट्या दाबून ताण्याचे दोरे वर-खाली करण्याची सोय मागावर फार आधीपासून होती. केने बदललं ते फक्त धोटा टाकण्याचं. मोजपट्टीने वाट उघडणं म्हणजे धावता धोटा असं मुलांच्या डोक्यात बसलं तर ते चूक बसेल.

असं करून बघा. मोजपट्टी दोन्ही फेऱ्यांत असू द्या. पहिल्या फेरीत विणायला दोघं: एक पट्टी घालणारा, दुसरा पलीकडून ओढून घेणारा. हे रुंद कापडाचं जुनं विणकाम. दुसऱ्या फेरीत एकटाच दोन्ही करेल, आणि मोकळा झालेला दुसरा पुठ्ठ्यावर स्वतःचा माग लावेल. कातणारा मात्र एकच. आता दोन मागांना एक कातणारा, तुटवडा लगेच दिसतो. इतिहासाशीही जुळतं.

सूत_आणि_सनावळ

बरोबर आहे, तुमचीच मांडणी घ्यावी. मी दोन वेगळ्या क्रिया एकत्र केल्या होत्या.

हातमाग_इचलकरंजी

यंत्रमागाबद्दल थोडं, कारण मूळ प्रश्न तोच होता. कार्टराइटचं पेटंट १७८५ चं. पण १८१३ साली ब्रिटनमध्ये यंत्रमाग सुमारे २,४०० होते आणि १८३३ पर्यंत सुमारे १ लाख झाले. मधली वर्षं कुठे गेली, हे मुलांना जरूर विचारा.

उत्तर ताण्यात आहे. विणताना उभे धागे घासतात, म्हणून त्यांना खळ लावावी लागते. हातमागावर विणकर हातभर ताण्याला खळ लावायचा, सुकू द्यायचा, विणायचा, मग पुन्हा पुढच्या भागाला. हातमागावर हे खपतं. यंत्रमाग मात्र त्यासाठी सारखा थांबवावा लागायचा, मग यंत्राचा फायदा काय? ताण्याला आधीच खळ लावून, सुकवून गुंडाळणारं यंत्र १८०३-०४ च्या सुमाराला आलं. लोखंडी सांगाड्याचे माग आले, आणि १८२२ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्सचा माग आल्यावर हे सगळं खऱ्या अर्थाने चालू लागलं. पेटंटचं साल आणि वापरात आल्याचं साल यांत चाळीस-चाळीस वर्षं असू शकतात. सनावळ्या पाठ करताना हेच निसटतं.

मधल्या काळात हातमागवाले वाढले. सूत स्वस्त आणि मुबलक, विणायला माणसं हवीत, म्हणून १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते दोन लाखांच्या वर होते. मग यंत्रमाग पसरले आणि त्यांची मजुरी घसरत गेली. "यंत्र आलं आणि लगेच कारागीर बेकार झाले" असं लिहिलं की हा सगळा मधला टप्पा गायब होतो.

वाफाळ

इंजिनाचीही हीच गत आहे. "जेम्स वॉटने वाफेचं इंजिन शोधलं" हे वाक्य टिपणातून काढाच. किटलीची गोष्टही नको.

थॉमस न्यूकमेनचं इंजिन १७१२ मध्ये डडलीजवळ कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसत होतं. त्यात दट्ट्याच्या नळकांड्यात वाफ भरायची, मग त्याच नळकांड्यात गार पाणी फवारायचं. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली ढकलतो. दोष असा की प्रत्येक फेरीला अख्खं नळकांडं गार होतं आणि पुढच्या फेरीला पुन्हा तापवावं लागतं. बराचसा कोळसा लोखंड तापवण्यातच जातो. वॉटने १७६५ मध्ये युक्ती काढली: वाफ गार करायला वेगळं भांडं. नळकांडं सतत गरम, भांडं सतत गार. पेटंट १७६९ चं. न्यूकमेनच्या इंजिनाच्या तुलनेत कोळसा साधारण चतुर्थांशावर आला.

आता साखळी बघा. कोळशाच्या खाणीवर कोळसा फुकटासारखा, तिथे न्यूकमेनचं खादाड इंजिनही परवडायचं. कॉर्नवॉलमध्ये खाणी तांब्या-कथलाच्या, कोळसा वेल्सहून जहाजाने यायचा, महाग पडायचा. म्हणून वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचे मोठे गिऱ्हाईक कॉर्नवॉलचे. हे दोघे भागीदार इंजिनासाठी जो आकार घेत तो वाचलेल्या इंधनाच्या किमतीचा एक तृतीयांश. शोध कोणाच्या गरजेवर उभा राहिला, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार नाही.

गिरणीला वर-खाली हालचाल उपयोगाची नाही, गोल फिरणारी हवी. ती सोय १७८१ मध्ये झाली. १७८५ मध्ये नॉटिंगहॅमशायरला पॅपलविकच्या सूतगिरणीत वाफेचं इंजिन लागलं. तरी पाण्याची चाकं पुढे कित्येक दशकं फिरतच होती. वाफेचा खरा फायदा जागेचा: गिरणी नदीकाठ सोडून कोळसा आणि माणसं असतील तिथे गेली. मँचेस्टरची वस्ती १८०१ मध्ये सुमारे ७५ हजार होती, १८५१ मध्ये सुमारे ३ लाख.

दख्खनचा_नकाशा

साखळी ब्रिटनच्या किनाऱ्यावर थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. गिरण्यांना कापूस हवा, आणि कापूस इंग्लंडमध्ये पिकत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत आखूड धाग्याचा कापूस भरपूर येऊ शकत होता, पण त्याची सरकी धाग्याला चिकटलेली असते. हाताने दिवसाला जेमतेम एक पौंड रुई निघायची. एली व्हिटनीच्या १७९३ च्या यंत्राने हे तुंबलेलं काम मोकळं केलं. आणि मग? कष्ट कमी झाले असं मुलं लिहितात. सरकी काढण्याचे झाले. कापूस लावायला आणि वेचायला मात्र आणखी माणसं लागली, आणि ती गुलाम म्हणून राबवली गेली. अमेरिकेत १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे ७ लाख होते, १८६० मध्ये सुमारे ४० लाख. यंत्र आणि गुलामगिरी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात हा समज या दोन आकड्यांनी मोडतो. फळ्यावर ते शेजारी शेजारी लिहा आणि थोडा वेळ काही बोलू नका.

पुढचा दुवा आपल्याकडचा. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. तोवर ब्रिटनचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून येत होता. तो तुटला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि मुंबईच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सट्ट्यात उभ्या राहिलेल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदसारखे मातबर शेठही. वऱ्हाडच्या कापसासाठी रेल्वे पुढे सरकत राहिली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मँचेस्टर, मिसिसिपी, मुंबई, वऱ्हाड: जगाचा कोरा नकाशा द्या आणि बाणांनी जोडायला सांगा.

प्रश्नपेढी

"क्रांती इंग्लंडमध्येच का?" हा प्रश्न हमखास येतो. त्यावर "वसाहतींतून लुटलेल्या संपत्तीमुळे" एवढंच लिहून मुलं थांबतात. ते अपुरं आहे. स्पेन आणि पोर्तुगालकडेही प्रचंड वसाहती आणि चांदी होती, तिथे गिरण्या आधी उभ्या राहिल्या नाहीत. उलट बेल्जियममध्ये उद्योग फार लवकर आले, आणि काँगो त्यांच्या राजाच्या ताब्यात गेला तो त्यानंतर, १८८५ मध्ये. ब्रिटनमधली कारणं आणखी आहेत: कोळसा जमिनीच्या वरच्या थरात, सहज मिळणारा, मजुरी युरोपातल्या इतर देशांपेक्षा चढी, म्हणून माणसाऐवजी यंत्र परवडणारं, कालवे. ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ मध्ये मँचेस्टरजवळ पोचल्यावर तिथल्या कोळशाचा भाव जवळपास निम्मा झाला.

दख्खनचा_नकाशा

एकमेव कारण नाही, हे मान्य. पण साम्राज्य बाजूला सारलं तर कापडाचंच कोडं सुटत नाही. इंग्लंडच्या लोकांना सुती कापडाची चटक लागली ती भारतीय छिटांमुळे. तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांच्या दबावामुळे १७०० मध्ये छापील छिटांच्या आयातीवर बंदी आली, १७२१ मध्ये बहुतेक सुती कापड वापरण्यावरही, आणि ती १७७४ मध्ये उठली. म्हणजे हारग्रीव्ज आणि आर्कराइट जे बनवत होते त्याला भारतीय कापडाची स्पर्धा घरच्या बाजारात जवळजवळ नव्हती. कोळसा आणि मजुरी हे "यंत्र का परवडलं" याचं उत्तर. बंदी आणि वसाहती हे "माल कुठे खपला आणि कापूस कुठून आला" याचं. मुलांना हे दोन वेगळे प्रश्न म्हणून द्या, दोन्ही उत्तरं टिकतात.

प्रश्नपेढी

हे विभाजन चांगलं आहे, तसंच घ्यावं.

त्याच ओघात आणखी एक. "इंग्रजांनी विणकरांचे अंगठे कापले" हे उत्तरांत सर्रास येतं. ईस्ट इंडिया कंपनीचा माजी नोकर विल्यम बोल्ट्स याच्या १७७२ साली छापलेल्या मजकुरात आहे ते असं: बंगालमधल्या कच्चं रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी, सक्तीने काम करायला लागू नये म्हणून स्वतःचे अंगठे कापून घेतल्याचे प्रसंग घडले. जुलमाचं गांभीर्य यात कमी होत नाही, उलट वाढतं. पण कोणी, कोणाचे आणि का हे तिन्ही बदलतं. साधनं कशी वाचावीत याचा हा फार चांगला धडा आहे, दहा मिनिटं द्याच.

पानगळ

लुडाइटांचंही, म्हणजे माग फोडणाऱ्या इंग्रज कामगारांचंही, असंच करा. "यंत्रांना घाबरणारे अडाणी लोक" अशी टीप लिहिली जाते. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरला जे माग फोडले गेले ते पायमोजे विणण्याचे, आणि तसले माग १५८९ पासून होते. त्यावर काम करणारेच ते फोडत होते. तक्रार मजुरी कापण्याची होती, आणि रुंद विणलेलं कापड कातरून शिवलेल्या हलक्या मोज्यांची, ज्यामुळे धंद्याचं नाव जात होतं. सगळे माग फोडले नाहीत, जे मालक कमी मजुरी देत त्यांचेच. १८१२ मध्ये संसदेने माग फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. मुलांना विचारा: त्यांना यंत्र नको होतं, की यंत्राच्या अटी?

खडूफळा

परिणामांत बालमजुरी आणि कायदे येतात. तिथे "१८३३ चा कारखाना कायदा झाला आणि मुलांचं शोषण थांबलं" असं एका वाक्यात उरकलं जातं. जरा नीट कसं मांडू?

पानगळ

कायदा काय होता, ते आधी नेमकं द्या. कापड गिरण्यांत ९ वर्षांखालची मुलं नकोत, रेशीम गिरण्या मात्र वगळलेल्या. ९ ते १३ वयाला दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. १३ ते १८ ला दिवसाला १२ तास. लहान मुलांना रोज दोन तास शाळा. आणि देखरेखीला सगळ्या देशात मिळून निरीक्षक चार!

मग विचारा, मूल ९ वर्षांचं आहे हे सिद्ध कसं करणार? इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. तोवर डॉक्टर मुलाची उंची आणि चण बघून दाखला द्यायचा. पगार हवा म्हणून आईबापही वय वाढवून सांगत. कायदा होणं आणि लागू होणं यांतलं अंतर मुलांना इथे हाताला लागतं. खाणींचा कायदा १८४२ चा: स्त्रिया, मुली आणि १० वर्षांखालचे मुलगे जमिनीखाली नकोत. दहा तासांचा १८४७ चा, स्त्रिया आणि तरुण कामगारांसाठी.

शेजारी भारताचा १८८१ चा कायदा ठेवा. १०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू, ७ वर्षांखालची मुलं नकोत, ७ ते १२ ला ९ तास. प्रौढांच्या तासांवर मर्यादाच नाही. त्याच्या पाठीमागे लँकेशायरच्या मालकांचा रेटा होता, कारण मुंबईच्या गिरण्या त्यांच्याशी स्पर्धा करायला लागल्या होत्या. मागणी खालूनही आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये.

वाफाळ

"सातत्य आणि बदल" यासाठी १८५१ ची ब्रिटिश जनगणना वापरा. शहरात राहणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेले, हा बदल. पण सगळ्यात जास्त लोक ज्या एका व्यवसायात होते तो अजून शेतीच, आणि त्याखालोखाल घरकाम. हे सातत्य. धोट्यापासून सव्वाशे वर्षं होत आली तरी. "क्रांती" हा शब्द इंग्रजीत रुळला तोही आर्नल्ड टॉयन्बी यांच्या १८८४ मध्ये छापलेल्या व्याख्यानांनंतर, म्हणजे घटनेच्या बऱ्याच मागून. शब्द ठेवा, पण तो वेगासाठी नाही, बदलाच्या खोलीसाठी आहे हे सांगून.

खडूफळा

दोन तासिकांत असं बसवते आहे. पहिली: वातीचा कापूस ५ मिनिटं, पुठ्ठ्याचा माग १५ (हातमाग_इचलकरंजी यांच्या दुरुस्तीसह), उरलेल्या वेळात फळ्यावर "काम कुठे तुंबलं?" ची साखळी यंत्रमागापर्यंत. दुसरी: कोरा नकाशा १५ मिनिटं, १८३३ आणि १८८१ चे कायदे शेजारी ठेवून १०, बोल्ट्सचा उतारा १०. वॉट आणि न्यूकमेन बसत नाहीत, ते वाचायच्या टिपणात.

हातमाग_इचलकरंजी

नकाशाला १५ मिनिटं कमी पडतील, देशांच्या सीमा आणि शहरांचे ठिपके आधीच छापून द्या. आणि मागाच्या तासिकेत फळ्यावर प्रत्येक यंत्रापुढे दोन रकाने आखा: पेटंटचं साल, सर्रास वापरात आल्याचं साल. यंत्रमागापुढे १७८५ आणि १८२० चं दशक असं लिहिलं की "नंतर का?" हा प्रश्न मुलंच विचारतील.